कॅज्युअल्टीत डॉक्टरांच्या बोलण्यावागण्याने पेशंटला नेमका काय फरक पडतो?

तिसरी_पाळी

इंटर्नच्या नव्या तुकडीसाठी तीन तासांचं सत्र आखायचं आहे. विषय कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात, पेशंटशी कसं वागायचं-बोलायचं. जागा म्हणजे जिल्हा पातळीचं सरकारी रुग्णालय. पाळीला एक सीएमओ (कॅज्युअल्टीचा ड्युटी डॉक्टर), दोन इंटर्न, दोन सिस्टर, एक मामा (वॉर्डबॉय). संध्याकाळी सहा ते रात्री बारा हा खरा कल्लोळ.

२०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात एटकॉम आहे, म्हणजे वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद हे आता रीतसर शिकवलं जातं. पण वर्गातली चर्चा वेगळी आणि एका ट्रॉलीवर फिट आलेला, दुसरीवर विष घेतलेला, दारात अपघाताचे तिघे, हे वेगळं. "सौजन्याने वागा" एवढंच सांगायचं असेल तर सत्राची गरज नाही, तो बोर्ड केसपेपरच्या खिडकीवर आहेच.

मला हवंय ते असं: पहिल्या मिनिटात काय बोलायचं आणि कुठे उभं राहायचं, वागणं चुकलं की निदान किंवा उपचार नेमका कुठे फसतो, नातेवाइकांना काय आणि कधी सांगायचं. "पूर्वीचे डॉक्टर देवमाणूस होते" या विषयावर वेगळे धागे आहेत, इथे नको ही विनंती.

---

लाल_पिवळा_हिरवा

फसतं ते हिस्टरीत, म्हणजे पेशंटकडून त्रासाची माहिती घेण्यात. बाकी सगळं त्याच्या पाठोपाठ येतं.

अमेरिकेतल्या एका शिकवणाऱ्या रुग्णालयाच्या इमर्जन्सीतली संभाषणं ध्वनिमुद्रित करून केलेला अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. पेशंटने तक्रार सांगायला सुरुवात केल्यापासून सरासरी १२ सेकंदांत डॉक्टर मध्ये बोलत होते, आणि अडथळ्याशिवाय तक्रार पूर्ण सांगता आली ती साधारण पाचांतल्या एकालाच. आपल्याकडे कोणी घड्याळ लावलं तर आकडा फार मोठा निघेल असं मला वाटत नाही.

मध्ये तोडल्याने होतं काय, तर पेशंटचा पहिला शब्दच निदान बनतो. आपल्याकडे तो शब्द बहुतेकदा "गॅस" किंवा "पित्त" असतो. पन्नाशीचा मधुमेही माणूस म्हणतो, "पित्त झालंय, दोन उलट्या झाल्या." डॉक्टर लगेच, "काल बाहेर काय खाल्लं?" इथून गाडी पोटाच्या रुळावर गेली. पित्ताचं पॅन्टॉप, उलटीचं ऑनडेम, सलाईन. त्याला अजून अर्धं मिनिट मिळालं असतं तर "आणि घाम सुटला, डावा हात भरून आला" हे आलं असतं. हृदयाच्या खालच्या भिंतीचा अॅटॅक बऱ्याचदा उलट्या घेऊन येतो. छातीची तक्रार असेल तर पेशंट आल्यापासून १० मिनिटांत ईसीजी हा नियम सगळ्यांना पाठ असतो, पण तो लागू व्हायला तक्रार छातीची आहे हे आधी कळावं लागतं.

पुढचा सापळा भाषेचा. "छातीत दुखतंय का?" याला असे पेशंट प्रामाणिकपणे "नाही" म्हणतात, कारण त्यांना दुखत नसतं. आवळल्यासारखं होतं, दडपण येतं, जळजळतं, भरून येतं, घुसमटतं. म्हणून विचारायचं ते, "छातीत काही वेगळं वाटतंय का? कसं वाटतंय, तुमच्या शब्दांत सांगा." तसंच "चक्कर". त्यात खोली गरगर फिरणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं आणि नुसता अशक्तपणा, तिन्ही येतात, आणि तिघांचा तपास वेगळा. हातवारे करू द्या. छातीवर मूठ दाबून दाखवणारा पेशंट शब्दांपेक्षा जास्त सांगून जातो, पण ते दिसायला डॉक्टरची मान केसपेपरमधून वर हवी.

पहिल्या मिनिटाचा क्रम मी असा ठेवीन. ट्रॉलीकडे चालत जातानाच श्वास, रंग, शुद्ध बघून घ्यायची. यात काही गडबड दिसली तर पुढचं सगळं बाजूला, आधी श्वासमार्ग, ऑक्सिजन, शिरेत लाईन, आणि हात चालू असताना एकच वाक्य: "मी डॉक्टर अमुक, तुम्ही दवाखान्यात आहात, आम्ही सगळे इथेच आहोत." पेशंट स्थिर असेल तर डोळ्यांच्या पातळीवर यायचं, शक्य तर स्टूलवर बसायचं. नाव सांगायचं. पेशंटला त्याच्या नावाने किंवा काका-मावशी-आजी, पण "तुम्ही" म्हणायचं. मग "काय त्रास होतोय?" विचारून मनात तीसपर्यंत आकडे मोजायचे. बहुतेक जण त्याआधीच थांबतात. त्यानंतर सुटे प्रश्न हवे तितके विचारा.

बसण्याने वेळ वाया जातो हा गैरसमज. कॅन्ससमधला २०१२ सालचा अभ्यास आहे, वॉर्डातल्या राउंडचा. सर्जन बसून बोलले तेव्हा पेशंटना ते जास्त वेळ थांबले असं वाटलं. घड्याळाप्रमाणे जास्त वेळ गेलेला नव्हता.

"तू"बद्दल मुद्दाम लिहितो. इंटर्न तेवीस वर्षांचा, समोरचा ऊसतोड कामगार पंचेचाळीसचा, आणि वाक्य "काय रे, किती प्यायलास?" हेच पांढऱ्या शर्टातल्या माणसाला "आपण ड्रिंक घेता का?" होतं. पेशंटला यातला फरक बरोबर कळतो, आणि तो एका शब्दात उत्तर देऊन मोकळा होतो: "नाही." आता त्याला दारू न मिळाल्याने उद्या-परवा फिट आली की सीटी, एमआरआय, धावपळ. शेवटचा घोट घेतल्यापासून साधारण ६ ते ४८ तासांत ही फिट येते, म्हणून खरा प्रश्न "पितोस का" हा नाहीच. "शेवटची कधी घेतली? रोज किती लागते, क्वार्टर की जास्त?" असं सरळ, तंबाखूबद्दल विचारावं तसं विचारलं की उत्तर मिळतं.

आणि एक. पोटात दुखणाऱ्या बाईला पाळीची तारीख सासूसमोर विचारू नका. लग्न न झालेल्या मुलीला आईसमोर तर नाहीच. गर्भाशयाऐवजी गर्भनळीत राहिलेला गर्भ फुटणं ही जीवघेणी गोष्ट आहे आणि ती लपवली जाते ती भीतीपोटी. "लघवी तपासायची आहे, सिस्टरबरोबर आत जा" म्हणून बाजूला न्यायचं, प्रश्न तिथे. लघवीची गर्भासाठीची तपासणी तर दिलेल्या उत्तराची वाट न बघता करायचीच.

---

नाडी_आणि_बीपी

वरच्या प्रतिसादाला पूर्ण सहमती. सिस्टरांच्या बाजूने थोडी पुरवणी.

सुई टोचताना काय बोलायचं यावर २०१० साली प्रसिद्ध झालेला एक छान अभ्यास आहे. प्रसूतीसाठी पाठीत भूल देताना काही जणींना सांगितलं, "मधमाशी चावल्यासारखं होईल, हाच सगळ्यात वाईट भाग." बाकीच्यांना सांगितलं, "आता जागा बधिर करणारं औषध देतोय, मग तुम्हाला बरं पडेल." सुई तीच, औषध तेच. पहिल्या गटाने वेदना दहापैकी ५ सांगितल्या, दुसऱ्याने ३. आपल्याकडे "आता खूप दुखेल हं, हलायचं नाही!" हे इतकं तोंडात बसलंय की ते दुखणं वाढवतं हे लक्षातच येत नाही. "हात सैल सोडा, मी सांगितलं की श्वास सोडा" एवढं पुरतं. उलट टोकाचं "काही दुखत नाही, मुंगी चावेल" हेही नको, विशेषतः लहान मुलांना. एकदा खोटं पडलात की टाके घालताना चार माणसं धरायला लागतात. मूल आईच्या मांडीवरच ठेवा, आणि "गप्प बस नाहीतर डॉक्टर इंजेक्शन देतील" म्हणणाऱ्या बाबांना हळूच थांबवा. आपल्या कामात ते काडी घालत असतात.

पडदा. पडदा नसेल तर चादर. कपडे काढायला सांगण्याआधी कशासाठी ते सांगा, आणि बाईपेशंट असेल तर सिस्टर किंवा मावशी जवळ असल्याशिवाय पुरुष डॉक्टरने तपासू नये. ईसीजीचे लीड लावताना तर हे रोज विसरलं जातं.

थांबण्याबद्दल. लोक थांबायला तयार असतात, पण किती वेळ आणि कशासाठी ते कळलं तर. "थांबा हो जरा" याचा अर्थ "मला तुमची पर्वा नाही" असा होतो. "तुमचं बीपी आणि ऑक्सिजन ठीक आहे, म्हणून शेजारच्यांना आधी घेतलंय, त्यांचा श्वास अडकलाय. रक्ताचा रिपोर्ट यायला पाऊण तास लागेल, सव्वानऊला मी स्वतः येते." आणि सव्वानऊला जायचं, रिपोर्ट आला नसला तरी. दिलेली वेळ टळली तर ती न दिलेलीच बरी होती.

सर्पदंशात हे सगळ्यात जास्त पेटतं. नातेवाइकांना डोळ्यांसमोर लस (सापाच्या विषावरचं प्रतिविष) हवी असते, आणि आपण काचेच्या कोरड्या, स्वच्छ नळीत २ मिली रक्त घेऊन ती २० मिनिटं न हलवता ठेवतो. बाहेरून बघणाऱ्याला दिसतं ते असं, की माणूस तडफडतोय आणि डॉक्टर नुसते बसलेत. म्हणून नळी ठेवतानाच एका नातेवाइकाला दाखवून सांगायचं: "रक्त गोठतंय का ते बघतोय. नाही गोठलं तर विष रक्तात भिनलंय असं समजून लगेच लस सुरू. २० मिनिटं या नळीला कोणी हात लावायचा नाही, तुम्हीच लक्ष ठेवा." वीस मिनिटं ओरडणारा माणूस वीस मिनिटं राखण करतो. या काळात पापण्या पडणं, गिळता न येणं, श्वास उथळ होणं मात्र आपण बघत राहायचं, कारण नाग-मण्यारच्या दंशात रक्त नीट गोठतं आणि माणूस तरी जातो. त्या खुणा दिसल्या तर नळीची वाट न बघता लस. मण्यारचा दंश बहुधा रात्री जमिनीवर झोपलेल्याला होतो, आणि त्याची बऱ्याचदा खूणही सापडत नाही. पहाटे पोटात दुखतंय, जीभ जड झालीय, असा पेशंट आला की "जमिनीवर झोपला होता का?" हा प्रश्न. तो वस्सकन अंगावर येऊन विचारला तर झोपडीतला माणूस "नाही, खाटेवर" असंच सांगणार. लाज असते.

---

रोखठोक

सगळं बरोबर, पण कागदावर. एका सीएमओने रात्रीत शंभरावर पेशंट बघायचे, त्यात एमएलसी (पोलिसांकडे जाणाऱ्या केसच्या नोंदी) लिहायच्या, पोलिसांना कळवायचं, रेफर करायला १०८ला फोन, आणि वर स्टूलवर बसून तीसपर्यंत आकडे मोजायचे? औषध स्टोअरला नाही म्हणून बाहेरून आणायची चिठ्ठी लिहितो तेव्हा मी कितीही गोड बोललो तरी शिव्या मलाच. मनुष्यबळाचा प्रश्न स्वभावावर ढकलू नका.

महाराष्ट्रात २०१०चा कायदा आहे. हल्ला केला तर ३ वर्षांपर्यंत कैद, ५०,००० पर्यंत दंड, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. त्याची अंमलबजावणी करा, संवादाचे वर्ग नंतर.

---

लाल_पिवळा_हिरवा

@रोखठोक, मनुष्यबळाचं शंभर टक्के मान्य. बोलण्याने बेड वाढत नाहीत. औषध नसेल तर "शासनाकडून आलेलं नाही, बाहेर साधारण एवढ्याला मिळेल, नाही परवडलं तर मला सांगा, समाजसेवा विभागाला विचारतो" यापलीकडे काही करता येत नाही, आणि एवढं बोलूनही शिव्या बसू शकतात.

पण तीस सेकंदांचा हिशोब उलटा आहे. शंभर पेशंटना तीस-तीस सेकंद म्हणजे ५० मिनिटं. त्यांतले बरेचसे तुम्ही तसेही देता, फक्त प्रश्न पुन्हा पुन्हा विचारण्यात. अर्धवट हिस्टरीमुळे परत बोलावलेला एक पेशंट, चुकून पाठवलेला एक सीटी, एक भांडण, यात तेवढा वेळ सहज जातो. कायदा हवाच, पण तो हात उगारल्यानंतर लागू होतो. दारावर लावलेला कलमांचा बोर्ड वाचून घाबरलेला माणूस शांत झालाय असं होत नाही.

आणि हा प्रश्न भांडण टाळण्यापुरता नाही. छातीत दुखतंय म्हणून इमर्जन्सीत आलेल्या पेशंटवर कोलंबिया विद्यापीठाच्या गटाने काम केलंय, २०१६ साली प्रसिद्ध झालं. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं असं ज्यांना वाटलं, त्यांच्यात पुढे त्या प्रसंगाचा मानसिक आघात, म्हणजे दचकून उठणं, तेच आठवत राहणं, कमी आढळला. यावरून एकामुळे दुसरं घडलं असं सिद्ध होत नाही हे मान्य, पण दिशा स्पष्ट आहे.

---

खोली_क्र_७

वैद्यकीय समाजसेवेच्या बाजूने दोन विषय, जे सत्रात नक्की असावेत.

पहिला: विष घेतलेला पेशंट. इथे वागणं सगळ्यात वाईट असतं, आणि नुकसानही सगळ्यात मोठं. "मरायचं होतं तर इथे कशाला आणलं?", "आईबापाचा विचार नाही केलास?" हे भर कॅज्युअल्टीत, चार नातेवाइकांसमोर. नाकातून नळी घालताना मुद्दाम आडदांडपणा. याने काय होतं? पेशंट तोंड मिटतो. आणि विषबाधेत त्याच्या तोंडूनच कळणाऱ्या तीन गोष्टी असतात: काय, किती, कधी. धान्यात ठेवायच्या गोळ्यांच्या बाबतीत तर ताजी गोळी होती की उघडी राहून भुकटी झालेली, यावर जीव अवलंबून असतो. उंदीर मारायच्या पिवळ्या फॉस्फरसच्या पेस्टचं त्याहून फसवं. पहिल्या दिवशी उलट्या, मग एक-दोन दिवस माणूस ठणठणीत, आणि मग यकृत निकामी. ज्याला पहिल्या तासात टोमणे बसले, तो दुसऱ्या दिवशी "बरं वाटतंय" म्हणून सही करून निघून जातो. त्याला थांबवायला काल कोणी आपलं म्हणून बोललेलं असावं लागतं.

म्हणून: नातेवाइकांना बाहेर काढा, एक सिस्टर राहू द्या. "तुम्हाला ओरडायला नाही आलोय. औषध बरोबर द्यायला मला कळायला हवं, काय घेतलं?" नातेवाइकाला घरी पाठवून बाटली, पुडी, झाकण, जे असेल ते आणायला सांगा. आणि "पोलीस केस होईल" हे धमकीसारखं वापरू नका. एमएलसी होते, पोलीस जबाब घेतात, हे खरं. पण मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७च्या कलम ११५ नुसार असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरलं जातं, त्याला शिक्षा होत नाही. आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारं जुनं कलम ३०९ भारतीय न्याय संहितेत नाहीच. हे पेशंटला आणि घरच्यांना स्पष्ट शब्दांत सांगा. कितीतरी जण पोलिसांच्या भीतीने "चुकून प्यायला गेलं" म्हणतात आणि मग मानसोपचाराकडे पाठवायचं राहूनच जातं.

दुसरा: मृत्यू सांगणं. ट्रॉलीशेजारी, उभ्याने, मोबाईल वाजत असताना सांगायचं नाही. खोली नसेल तर ड्रेसिंगरूम चालेल, दार लागलं पाहिजे. आत जायच्या आधी केसपेपरवरचं नाव दोनदा वाचा. अपघातात चार जण एकदम आले की नावांची अदलाबदल होते, आणि ती चूक कोणी विसरत नाही. समोर कोण आहे, नातं काय, ते विचारा. सगळ्यांना बसवा, स्वतः बसा. त्यांना आधी काय माहीत आहे ते विचारा. मग दोन वाक्यांत काय झालं ते, आणि लगेच: "त्यांचा मृत्यू झाला आहे." हाच शब्द. "गेले" म्हटलं तर काही जण "कुठे, आयसीयूत?" असं विचारतात, आणि "ऑफ झाले", "एक्स्पायर" हे आपल्या आपल्यातले शब्द, रडणाऱ्या बाईसमोर ते कानाखाली मारल्यासारखे लागतात. "आम्ही खूप प्रयत्न केले पण" याने सुरुवात करू नका, त्या "पण"पर्यंत त्यांचा जीव टांगणीला लागतो. प्रयत्नांचं नंतर सांगा.

मग गप्प बसा. मिनिटभर तरी. इंटर्नना सरावात हेच जमत नाही, ते शांतता भरायला माहिती देतात. शवविच्छेदन, पंचनामा, बॉडी कधी मिळेल, हे सगळं विचारलं जाईलच, तेव्हा सांगा. शवविच्छेदन का लागतंय आणि थांबवता का येत नाही, हे मात्र पोलिसांवर सोडू नका.

मृतावस्थेत आणलेल्या माणसालाही ट्रॉलीवर घेऊन तपासा, ईसीजीची सरळ रेघ काढा. दारातच "संपलंय" म्हणून परत पाठवलं की घरच्यांच्या मनात आयुष्यभर राहतं, आत घेतलं असतं तर वाचला असता. फ्रान्समध्ये घरी हृदय बंद पडलेल्यांच्या नातेवाइकांवर केलेला अभ्यास २०१३ साली आला. पुनरुज्जीवनाचे प्रयत्न चालू असताना थांबायचं का असं ज्यांना विचारलं गेलं, त्यांच्यात तीन महिन्यांनी मानसिक आघाताची लक्षणं कमी होती, आणि डॉक्टरांच्या कामात अडथळाही आला नाही. आपल्या गर्दीत दहा जणांना आत घेता येणार नाही. एकाला घ्या, त्याच्या शेजारी काय चाललंय ते सांगणारा कोणीतरी उभा करा.

---

नाडी_आणि_बीपी

घरी सोडतानाचं राहिलं. २००४च्या त्याच अभ्यासात सुट्टीच्या सूचनांना सरासरी ७६ सेकंद दिले गेले होते, आणि पेशंटला खरंच समजलं का हे एकदाही पडताळलेलं नव्हतं. "समजलं ना?" याला उत्तर "हो" असतं, नेहमीच. डोक्याला मार लागलेल्याला सोडताना नातेवाइकालाच विचारा: "रात्री काय झालं तर यांना परत आणाल?" त्याच्या तोंडून परत परत उलट्या, वाढती डोकेदुखी, झोप अनावर होणं किंवा न उठणं, फिट, असंबद्ध बोलणं, नाका-कानातून पाणी, हे आलं पाहिजे. जे आलं नाही ते पुन्हा सांगा. २४ तास एकटं ठेवायचं नाही. गोळ्यांच्या पाकिटावर पेनाने सूर्य-चंद्र काढा, वाचता न येणाऱ्यालाही कळतं.

---

तिसरी_पाळी

सगळ्यांचे आभार, @रोखठोक यांचेही. मनुष्यबळाचा मुद्दा सत्राच्या सुरुवातीलाच मांडेन, नाहीतर इंटर्न तोच घेऊन बसतील. आता आराखडा असा: पहिला तास जोडीजोडीने हिस्टरी, एकाच्या हातात घड्याळ, "पित्त झालंय"चा पेशंट. दुसरा तास विषबाधा. तिसऱ्यात मृत्यू सांगण्याचा सराव आणि घरी सोडणं.

एक बारीक शंका. स्टूल ठेवायचं कुठे? दोन ट्रॉलींमध्ये जेमतेम तीन फूट.

---

लाल_पिवळा_हिरवा

पायाकडच्या बाजूला, ट्रॉलीच्या खाली सरकेल असं बुटकं. डोक्याकडे नको, श्वासनळीत नळी घालताना ते पायात येतं. तपासणी उजवीकडून करता, तर बसायलाही उजवीकडेच ओढायचं, ईसीजी मशीन डावीकडे. आणि स्टूलवर रंगाने "ट्रॉली १", "ट्रॉली २" असं लिहा, नाहीतर दोन दिवसांत ते केसपेपरच्या खिडकीत दिसेल.